भिंतीपलीकडची कुत्री

तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, शेजारची मुलगी रडते आहे. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी एका ब्लाउजचा गळा कापत होते, आणि कात्री मध्येच थांबली. बारीक, लांबलेला सूर, मग थोडी शांतता, मग परत तोच सूर. आमच्या आणि त्यांच्या हॉलची भिंत एकच आहे. मी भिंतीला कान लावला. पलीकडे दारावर नखं ओढल्याचा आवाज आला आणि माझ्या लक्षात आलं, घरात माणूस कोणीच नाही. त्यांची कुत्री एकटी आहे.

आम्ही डोंबिवली पूर्वेला एका जुन्या चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे मिस्टर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. सकाळी सातला निघतात ते संध्याकाळी आठला परत येतात. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. मी पंचवीस वर्षं घरीच ब्लाउज शिवते. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि मशीन, एवढंच.

शेजारचं जोडपं तरुण. तिचं ऑफिस ठाण्याला, त्याची नोकरी फिरतीची. करोनात सगळं बंद होतं तेव्हा दोघंही घरात बसून काम करायचे. त्याच दिवसांत त्यांनी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. तपकिरी रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला, साधी गावठी कुत्री. दोन वर्षं त्या पिल्लाने घर कधी रिकामं पाहिलंच नाही. मग ऑफिसं उघडली, आणि एका सोमवारी दोघंही दार लावून निघून गेले.

इथे मला माझं सांगायला हवं. मला कुत्र्यांची भीती वाटते. म्हणजे घाण वाटते किंवा आवडत नाहीत असं नाही, भीती. कल्याणला आम्ही चाळीत राहायचो. मी नऊ वर्षांची असताना पिठाच्या गिरणीतून दळण घेऊन येत होते आणि एक कुत्रा मागून आला. भुंकला नाही, काही नाही. पोटरीला धरलं आणि सोडेना. डबा हातातून पडला, पीठ सगळं रस्त्यावर, आणि त्या पांढऱ्या पिठात माझं रक्त. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. बाबा रोज मला सायकलच्या दांडीवर बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दवाखान्याचं वळण आलं की मी थरथरायला लागायचे, आणि बाबा एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने माझं डोकं छातीशी दाबून धरायचे. 

तेव्हापासून रस्त्यात कुत्रा दिसला की मी पलीकडे जाते. पन्नाशी उलटली तरी तेच. त्यामुळे शेजारी कुत्री आली तेव्हापासून मी दार उघडण्याआधी सेफ्टी डोअरच्या जाळीतून बाहेर बघायचे. ती जिन्यात असली तर मी घरातच थांबायचे, मग दूध नासलं तरी चालेल.

आणि आता ती रोज रडायला लागली. साडेनऊला सुरू व्हायचं ते कधी बाराला थांबायचं, कधी तीनला. मध्ये भुंकणं, मध्ये दारावर धडका. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, अहो, कोणाला मारतायत का पलीकडे? माझे टाके वाकडे पडायला लागले. पण खरं सांगायचं तर त्रास आवाजाचा नव्हता. तो सूर ऐकला की माझ्या पोटात काहीतरी आवळलं जायचं, त्या दवाखान्याच्या वळणावर आवळायचं तसं. मला वाटायचं, एवढं घाबरलेलं जनावर एक दिवस दार फोडून बाहेर येईल आणि पहिली मीच सापडेन.

मग सोसायटीत तक्रार गेली. अर्जावर सात घरांच्या सह्या होत्या. अर्ज लिहिला मी. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून सेक्रेटरींनी मलाच सांगितलं, आणि मीही नाही म्हटलं नाही. 'सदर प्राण्याची अन्यत्र व्यवस्था करावी,' असं मी लिहिलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

त्यानंतर शेजारची मुलगी जिन्यात भेटली की खाली बघून जायची. तिचे डोळे सुजलेले असायचे. एकदा कुठूनतरी आलेल्या कोणीतरी तिला सांगितलं की कुत्री लाडावलेली आहे, दोन फटके द्या, गप्प बसेल. तिच्या नवऱ्याने म्हणे वर्तमानपत्राची सुरळी आपटून बघितली. त्या दिवशी कुत्री संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आली नाही आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट रडली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त भिंत ऐकू यायची.

तो दिवस बुधवार होता. दुपारचे दोन वाजत आले होते. सकाळपासून रडणं चालू होतं, आणि मी रेडिओ मोठा लावून बसलेले. मध्येच काहीतरी घासल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड घासावं तसा. मग खालून, पार्किंगमधून, काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज. आणि मग पलीकडे एकदम शांत.

मी रेडिओ बंद केला. पलीकडून काहीच नाही. खालून वॉचमन ओरडत होता. मी माझ्या खिडकीतून वाकून बघितलं तर खाली तुळशीची कुंडी फुटून माती पसरली होती, आणि वॉचमन वर बोट दाखवत होता. माझ्या बाजूला नाही, शेजारच्या खिडकीकडे. मी मान वळवली. खिडकीबाहेर काढलेल्या त्यांच्या पिंजऱ्यासारख्या बॉक्स ग्रिलचं छोटं दार उघडं होतं, आणि त्यातून त्या कुत्रीचं डोकं आणि पुढचे दोन्ही पाय बाहेर आले होते. तिसऱ्या मजल्यावरून. ती हलत नव्हती. खाली बघत होती.

मी शेजारच्या मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये असणार, दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण ती जे बोलली ते आठवतं.

"काकू, चावी तुमच्याकडे आहे ना? गॅसवाल्यासाठी दिलेली. मी आत्ता निघाले तरी तासभर लागेल. काकू, प्लीज. तुम्ही फक्त आत जा."

चावी माझ्याकडे होती. कुत्री यायच्या आधीपासून, फ्रिजवरच्या डब्यात. ती हातात घेऊन मी त्यांच्या दारापुढे उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. बहुतेक अर्धं मिनिट असेल, पण मला ते फार मोठं वाटलं. आत गेले तर ती माझ्यावर येईल असं एक मन सांगत होतं. दुसरं मन सांगत होतं, तू इथे उभी आहेस तेवढ्यात ती खाली पडेल, आणि तो आवाज तुला ऐकू येईल. त्या दुसऱ्या भीतीने मला आत ढकललं. धाडस वगैरे काही नव्हतं.

दार उघडल्यावर पहिल्यांदा दिसलं ते दारच. आतल्या बाजूने, खाली, हातभर उंचीपर्यंत लाकूड सोललेलं होतं आणि त्यावर वाळलेलं रक्त होतं. नखांचं. लादीवर लाळेचं थारोळं. मी ते ओलांडून बेडरूममध्ये गेले. हवेसाठी थोडी उघडी ठेवलेली सरकती काच तिने नाकाने ढकलून पूर्ण उघडली होती. ग्रिलमधल्या कुंड्या आडव्या पडल्या होत्या. त्या धक्क्यात छोट्या दाराची कडी निघाली असणार. तिचं मागचं अंग ग्रिलमध्ये होतं, पुढचं बाहेर, आणि अंगातला पट्टा त्या कडीत अडकला होता. तेवढ्या पट्ट्यावर ती टिकून होती.

मी खिडकीच्या कट्ट्यावर गुडघ्यांवर चढले. हात पुढे केला आणि मागे घेतला. परत पुढे केला. पट्टा धरला आणि ओढला, तशी तिने मान वळवून माझ्या मनगटावर दात लावले. मी डोळे मिटले. पण हात सोडला नाही. मी शूर आहे म्हणून नाही, बोटं आकडून गेली होती म्हणून. दात नुसते टेकले होते. चावली नाही. ती गुरगुरत होती आणि गुरगुरताना तिचं सगळं अंग थडथडत होतं. ते थडथडणं पट्ट्यातून माझ्या हातात येत होतं.

मी अजून एकदा ओढलं. ती उलट बाहेर रेटायला लागली. खालून लोक ओरडले. कोणीतरी चादर ताणून धरायला सांगत होतं. तेव्हा मला समजलं, मी जितकं ओढेन तितकी ती माझ्यापासून लांब जाईल. कारण मीही तिच्यासाठी मागून येऊन धरणारी कोणीतरी होते. मग मी ओढायचं थांबवलं. पट्टा घट्ट धरून फक्त बसले.

काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. तोंडातून देवाचं नावसुद्धा येईना. सकाळी एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं होतं, तेच डोक्यात होतं, तेच मी बोलायला लागले. उंची चौदा. छाती छत्तीस. कंबर बत्तीस. बाही साडेनऊ. पुढचा गळा सात, मागचा दहा. हळू आवाजात, एकाच लयीत. संपलं की परत पहिल्यापासून. तिचे दात मनगटावरून निघाले. उभा कान मागे वळला. मी परत सांगितलं, उंची चौदा.

वॉचमन धावत वर आला आणि बेडरूमच्या दाराशी उभा राहिला. त्याला बघताच तिचं अंग ताठ झालं. मी त्याला मान हलवून बाहेर थांबायला सांगितलं. मापं म्हणत राहिले. पाय बधिर झाले होते. कितव्या वेळी ते माहीत नाही, पण तिने पुढचा एक पाय आत घेतला. मग दुसरा. मग छाती अडकली, ती किंचाळली, आणि मी पुन्हा ओढायच्या बेतात होते, पण थांबले. तिने स्वतःच अंग चोरून घेतलं आणि मागे सरकत आत आली. कट्ट्यावर, मग माझ्या मांडीवरून खाली लादीवर. मी काच ओढून लावली. आणि मग भिंतीला टेकून खाली बसले.

तीही तिथेच बसली. माझ्यापासून हातभर अंतरावर. धापा टाकत होती, तिच्या पंजांचे ओले ठसे लादीवर उमटले होते. मुलगी येईपर्यंत सव्वा तास गेला. तो सव्वा तास मी पापणीसुद्धा जपून हलवली. माझ्या मनात सारखं येत होतं की ही आता उठेल. ती दोनदा उठली. एकदा दारापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्यांदा आली ती माझ्या साडीच्या काठावर पाय ठेवून बसली. मला रडू यायला लागलं. पण मोठ्याने रडले तर ती घाबरेल म्हणून तेही गिळलं.

त्या रविवारी दोघं माझ्याकडे आले. त्यांनी ठरवलं होतं. मुरबाडच्या बाजूला एका ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे तिला सोडायचं. बोलताना तो मुलगा बायकोकडे बघत नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला असता, आठवड्यापूर्वी नक्की सोडला असता. पण तोंडातून वेगळंच गेलं. मी म्हटलं, "एवढं घाबरलेलं पोर अनोळखी रानात नेऊन सोडाल तर ती रडणार नाही असं वाटतं का तुम्हाला? फक्त आपल्याला ऐकू येणार नाही."

 मुलगी म्हणाली, "काकू, तक्रारीचा अर्ज तुम्हीच लिहिलेला ना? मला तेव्हाच कळलेलं. माझ्या ब्लाउजच्या मापाची चिठ्ठी आहे माझ्याकडे, अक्षर सेम."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?  ती चहा प्यायली, कप स्वतः विसळून ठेवला. निघताना म्हणाली की पश्चिमेला प्राण्यांच्या एक डॉक्टर आहेत, उद्या सुट्टी टाकून जाते आहे, याल का सोबत? मी रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसून गेले, मागे त्या दोघी.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. मुलीने घरात फोन ठेवून काढलेलं कुत्रीचं रेकॉर्डिंग त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. त्यांनी सांगितलं की हा हट्ट नाही, खोडी नाही, सूड तर नाहीच. दार बंद झालं की तिला वाटतं की माणसं कायमची गेली, आणि मग तिचं शरीर तिच्या ताब्यात राहत नाही. घाबरलेल्याला मारून भीती जात नाही, वाढते. औषधाने थोडा फरक पडेल, ते त्यांनी लिहून दिलं. पण मुख्य काम वेगळं होतं. तिला एकटं राहायला शिकवायचं, आणि तेही तिला जेवढं सोसेल तेवढ्याच मापात. पाच सेकंद सोसत असतील तर पाचच. रडायला लागायच्या आधी परत यायचं. आणि हे शिकणं चालू असेपर्यंत तिला खरोखर एकटं सोडायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. एकदा पूर्ण घाबरली की आठवड्याचं काम वाया जातं.

मुलीने विचारलं की मग मी ऑफिसला कशी जाऊ? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बहुतेक वाटलं मी तिची आई आहे.

असं सुरू झालं. तिला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी मिळाली. उरलेले तीन दिवस मी माझं हातशिलाईचं काम, हूक, काज, तुरपाई, पिशवीत भरून त्यांच्या घरात जाऊन बसायचे. पहिला महिनाभर मी पाय वर घेऊन खुर्चीत बसले. ती जवळ आली की सुई चालायची थांबायची. मिस्टर रोज संध्याकाळी हात धुऊन आधी विचारायचे, "चावली का?" मी म्हणायचे नाही. मग जेवायला बसायचो.

चालू झालं ते किल्ल्यांपासून. किल्ल्यांचा आवाज आला की ती धापा टाकायला लागायची. म्हणून मुलीने दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं. चपला घालायच्या आणि भाजी चिरायची. पर्स खांद्याला लावून टीव्ही बघायचा. मला हे सुरुवातीला वेडेपणा वाटला. पण दहा-बारा दिवसांनी किल्ल्या वाजल्या आणि तिने नुसता कान हलवला, पसरून पडून राहिली. मी ते माझ्या मापाच्या वहीत लिहून ठेवलं.

मग दार. उघडायचं, लावायचं, आत राहायचं. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग पाच सेकंद. मुलगी बाहेर जिन्यात उभी राहायची, आणि मी माझ्या घरात फोनवर त्यांनी हॉलमध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र बघत सेकंद मोजायचे. माझ्या वहीत एका बाजूला बाही, मुंढा, पाठ आणि दुसऱ्या बाजूला आठ सेकंद, बारा सेकंद, पस्तीस सेकंद, ओठ चाटले, उठून दाराशी गेली, परत बसली. जाताना लाड नाहीत, परत आल्यावर आरडाओरडा नाही. जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये बिस्किटांचे तुकडे लपवून ठेवायचे. ते तिने खाल्ले तर समजायचं ठीक आहे. हुंगूनही बघितलं नाही तर ती घाबरली आहे, आज इथेच थांबायचं.

त्या सगळ्या महिन्यांत मी शांत होते असं कोणाला वाटेल. नव्हते. कॅमेऱ्यात ती दाराकडे बघायला लागली की मी हातातली सुई खाली ठेवायचे. ती तोंड उघडेल, तो सूर सुरू होईल, आणि पुन्हा ती खिडकी, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. ग्रिलच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं होतं, तरी मी रोज जाऊन ओढून बघायचे. एकदा दुपारी मला डुलकी लागली आणि कुंडी फुटल्याचा आवाज ऐकून दचकून उठले. ती माझ्या पायाशी झोपली होती. कुंडी वगैरे काही नव्हती.

तीन महिन्यांत आम्ही चाळीस मिनिटांपर्यंत आलो. मग दिवाळी आली. आमच्या गल्लीत दुपारपासूनच फटाके लावतात. दुसऱ्या दिवशी मुलगी कचऱ्याची बादली ठेवायला दाराबाहेर गेली तर कुत्रीने दार ओरबाडलं. परत पाच सेकंदांवर. मुलगी जिन्यात पायरीवर बसून म्हणाली की काकू, मला नाही जमणार आता.  मी आत गेले, वहीचं नवीन पान काढलं, तारीख घातली आणि तिला म्हटलं, ऊठ, किल्ल्या उचल.

दुसऱ्यांदा ते लवकर झालं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. फेब्रुवारीत ती दीड तास राहिली, मेमध्ये अडीच. आठ तास ती अजूनही राहत नाही, आणि बहुतेक कधी राहणारही नाही. दुपारी कोणीतरी जावंच लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी तो जुना अर्ज काढला. मी उभी राहिले, आणि तो मी लिहिला होता, आता मागे घेते, असं सांगितलं.  मला चारचौघांत बोलायची सवय नाही. सेक्रेटरी म्हणाले की ठीक आहे, पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा.

या वर्षी त्यांनी कल्याण पश्चिमेला फ्लॅट घेतला. एकविसावा मजला, लिफ्ट, गच्च बंद होणाऱ्या खिडक्या. मुलगी मला सांगायला आली तेव्हा आनंदात होती आणि लगेच गप्प झाली. नवीन घर, नवे आवाज, नवं दार. कुत्रीसाठी सगळं पहिल्यापासून. आणि भिंतीपलीकडे कोणी नाही. तिने मला काही मागितलं नाही. मीच म्हटलं की पहिले पंधरा दिवस येते.

डोंबिवलीहून कल्याणला मी रिक्षाने जायचे. ज्या कल्याणात मी वाढले तिथे असे टॉवर नव्हते, मला बरोबर गेट ओळखायला दोन दिवस लागले. आवारात तीन-चार भटकी कुत्री बसलेली असायची. मी अजूनही त्यांना लांबून वळसा घालते. मुलगी हसते. ही एकच मला चालते, बाकीची नाही, हे तिला पटत नाही. मलाही ते नीट समजावता येत नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही दोघी एकविसाव्या मजल्यावर लिफ्टपाशी उभ्या होतो. दार लावून अकरा मिनिटं झाली होती. नव्या घरात एवढा वेळ पहिल्यांदाच. मुलीच्या हातात फोन, त्यावर रिकामी खोली आणि मधोमध कुत्री, उभी. कान दाराकडे. टॉवेल तसाच पडलेला, न हुंगलेला. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आत कोणी नव्हतं, परत बंद झालं. तो आवाज ऐकून ती भुंकली. एकदा. मग अजून एकदा.

मुलीचा हात किल्लीकडे गेला.  ती आत गेली असती तर मी अडवलं नसतं.

"काकू, जाऊ?" तिने विचारलं.

फोनवर कुत्री दाराशी आली, फटीला नाक लावलं, एक मोठा श्वास घेतला. आम्ही दोघी तिला बाहेरून ऐकू येत असणार, वास तर नक्की येत असणार. मग ती वळली. दोन पावलं गेली, थांबली, परत दाराकडे बघितलं. आणि टॉवेलापाशी जाऊन बसली. लगेच खाल्लं नाही. बराच वेळ नुसती बसून होती. मग नाकाने घडी उलटली.

मी मुलीला हळूच सांगितलं की अजून दोन मिनिटं थांबू. ती भिंतीला टेकली, मी जिन्याच्या पायरीवर बसले, आणि आम्ही दोघी त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिलो.